चार्जरमधली रिकामी जागा

हे लिहायला बसलो खरा, पण मी लिहावं की नाही याची अजून खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजला गेलेलं नाही. मी रत्नागिरीत इलेक्ट्रॉनिक्स शिकतो, तिसऱ्या वर्षाला आहे. ज्या नियमांबद्दल बोलणार आहे ते देशोदेशींच्या समित्या बसून ठरवतात. ते कागद मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. काही पानं समजली, काही नाही समजली. शिवाय याच प्रकरणात एकदा मी अर्धवट माहितीवर तोंड उघडलं आणि ते दुसऱ्यांना भोवलं. माझ्याहून जाणत्या माणसाने हे लिहायला हवं होतं. तसं कोणी लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून चुकत असेन तर माफ करा असं आधीच म्हणून सुरुवात करतो.

माझे बाबा आमच्या गावी, नाटे बंदरात, एका मालकाच्या बोटीवर तांडेल होते. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, परत कधी फिरायचं हे सगळं तांडेल ठरवतो. त्याच्या शब्दावर आठ खलाशी समुद्रात जातात. बाबांनी ते काम माझ्या जन्माआधीपासून केलं होतं.

गेल्या हंगामात नारळी पौर्णिमेला मालकाने बोटीची पूजा केली आणि खलाशांना भेट म्हणून एक चार्जर दिला. बोटीच्या बॅटरीवर चालणारा, एका वेळी आठ मोबाइल लागतील असा. खलाशी खूश झाले. तोवर एका जुन्या वायरीवरून रोज भांडणं व्हायची. चार्जर केबिनमध्ये वायरलेसच्या अगदी बाजूला बसवला, कारण वायर तिथेच निघालेली होती. वायरलेस म्हणजे बोटीवरचा बोलण्याचा सेट. खोल समुद्रात मोबाइलला रेंज नसते. वारा बदलला, हवामानाचा इशारा आला, की किनाऱ्यावरून मच्छीमार सोसायटीचा माणूस याच सेटवर हाका मारतो.

गणपतीला मी घरी गेलो तेव्हा बोट धक्क्याला लागलेली होती. बाबांना डबा द्यायला गेलो, तर ते केबिनमध्ये कपाळाला हात लावून बसलेले.

"डोकं उठवलान या वायरलेसनं," ते म्हणाले. "पौर्णिमेपासनं नुसती फुसफुसतेय."

"उंदीर शिरला आसंल, तांडेल," दारातून एक खलाशी म्हणाला. "आमचं म्हावरं खाऊन माजलाय."

मी पुढे सरकलो. त्या सेटवर एक लहान गोल बटण असतं, त्याला स्क्वेल्च म्हणतात. ते फिरवलं की मागची खरखर बंद होते आणि कोणी बोललं तरच आवाज येतो. हे मी त्याच वर्षी शिकलो होतो. मी बटण हळूहळू फिरवत नेलं. एका जागी खरखर एकदम थांबली.

"गप झाली की!" खलाशी म्हणाला. "मेली तर नाय ना?"

"नाही मेली," मी म्हणालो. "बाबा, हे इथवरच ठेवा. कोणी बोललं की आपोआप येईल."

बाबांनी खात्री करून घ्यायचं ठरवलं. त्यांनी शेजारच्या बोटीच्या तांडेलाला वायरलेसवरून हाक मारली, "आयकाय येतंय काय रे?" लगेच खणखणीत उत्तर आलं, "येतंय की! तुझ्या बाजूलाच उभा हाय मी. वायरलेस नसती तरी आयकलं असतं!"

सगळे हसले. मीही हसलो. त्या माणसाने थट्टेत सांगितलेली गोष्ट मला समजायला तीन महिने लागले. बाबा खलाशांना म्हणाले, "बघा, कॉलेजात घातला ता फुकट नाय गेला." आणि मी डबा तिथे ठेवून छाती फुगवून घरी आलो.

दिवाळीच्या थोडं आधी एका दुपारी वारा फिरला. सोसायटीच्या माणसाने सगळ्या बोटींना परत फिरण्याचा इशारा दिला. बाकीच्या बोटी फिरल्या. बाबांची बोट सर्वांत बाहेर होती, तिच्याकडून उत्तर आलं नाही. तो माणूस संध्याकाळपर्यंत हाका मारत राहिला. बोट दुसऱ्या दिवशी सकाळी आली ती जाळ्याशिवाय. जाळं कापून टाकावं लागलं होतं. ते ओढताना एका खलाशाचा हात यंत्रात सापडून मोडला होता. वायरलेसमध्ये उंदीर शिरल्याचा विनोद करणारा तोच.

मी तिथे नव्हतो. धक्क्यावर काय झालं ते आईने सांगितलं. ती माशांच्या लिलावासाठी तिथेच होती.

"सगळ्यांना ऐकू आलं, तुलाच कसं नाही आलं?" मालकाने सर्वांसमोर विचारलं.

"वायरलेस चालू व्हती. आवाज नाय आला," बाबा म्हणाले.

गर्दीतून कोणीतरी बोललं, "म्हावरं दिसलं की तांडेलाच्या कानात बोळे जातात." त्यावर काही जण हसले. एक माणूस हात मोडून बसलेला होता आणि लोक हसले.

पुढच्या फेरीला मालकाने दुसरा तांडेल ठेवला. हावरटपणापायी माणसं धोक्यात घालणारा तांडेल, असं बाबांचं नाव झालं. आमच्याकडे असं नाव झालेल्या तांडेलाला दुसराही मालक घेत नाही, कारण त्याच्याबरोबर खलाशी जायला तयार होत नाहीत. बाबा लोकांची जाळी शिवायला लागले. तेसुद्धा धक्क्यावर बसून नाही, घराच्या मागच्या पडवीत बसून. आई मासे विकायला बसली की बायका नवऱ्यावरून टोमणा मारायच्या, "घो बरा आयकतो काय गो आता?"

मला याचा राग येत होता, पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात एकदा येऊन गेलं, की बाबांनी खरंच इशारा ऐकून न ऐकल्यासारखं केलं असेल का. हे लिहिताना लाज वाटते. पण खोटं लिहायचं असतं तर लिहायलाच बसलो नसतो.

मी रत्नागिरीत मांडवीला आत्याकडे राहून शिकतो. तिचा मोठा मुलगा, माझा दादा, परदेशातल्या एका बंदरात टगवर कामाला आहे. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी छोटी ताकदवान बोट. तो सुट्टीवर आला तेव्हा त्याने बॅगेतून एक चार्जर काढला. आठ मोबाइलचा, काळा, कडेला निळी पट्टी. हुबेहूब आमच्या बोटीवरचा.

"अरे, हा तर आमच्याकडे आहे! वायरलेसच्या बाजूलाच लावलाय," मी म्हणालो.

दादा जेवता जेवता थांबला. "वायरलेसच्या बाजूला? तपासून घेतलात ना? आमच्याकडे भलता चार्जर लावला तर कॅप्टन खवळतो. वायरलेस बहिरी होते त्याने."

आत्याने मला पुन्हा भात वाढला, तो तसाच राहिला.

त्या शनिवारी मी एसटीने नाट्याला गेलो. बोट इंजिनाच्या कामासाठी धक्क्यालाच होती. हात मोडलेल्या खलाशाला मी विनंती केली, त्याने आठ दिवसांसाठी चार्जर काढून दिला. सोमवारी आमच्या प्रयोगशाळेतल्या काकांनी दोन्ही चार्जर शेजारी ठेवून उघडले. हे काका तिथे उपकरणं सांभाळतात. त्यांच्याकडे पदवी नाही, पण आम्ही सगळे अडलं की त्यांच्याकडेच जातो.

दोन्हींत एकाच रंगाचा, एकाच आकाराचा सर्किट बोर्ड होता. दादाच्या चार्जरमध्ये वायर आत येते तिथे तांब्याची एक जाड कॉइल होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना कपॅसिटर होते. आमच्या चार्जरमध्ये त्याच ठिकाणी कॉइलचं नुसतं गोल चित्र छापलेलं होतं. पायांसाठी भोकं पाडलेली होती. भोकं रिकामी होती. कॉइलच्या जागी तारेचा एक तुकडा जोडलेला होता.

"तुटून पडली असेल का?" मी विचारलं.

काका माझ्याकडे बघून हसले, पण चांगलं नाही हसले. "तुटली असती तर डाग दिसला असता. गोंगाट अडवणारी ही कॉइल बसवलेलीच नाही. बोर्ड सगळ्यांसाठी एकच बनवतात. जिथे कायदा विचारतो त्या मालात कॉइल घालायची, जिथे विचारत नाही तिथे तार जोडून मोकळं व्हायचं."

मग त्यांनी एक रिसीव्हर लावला. दादाचा चार्जर चालू केला, काही फरक पडला नाही. आमचा चालू केला आणि खोली फुसफुसाटाने भरली. तो आवाज मी ओळखला. काकांनी स्क्वेल्चचं बटण फिरवून तो बंद केला आणि दुरून येणाऱ्या आवाजासारखा एक बारीक सिग्नल सोडला. रिसीव्हर गप्पच राहिला. चार्जरची वायर काढली, बटण मागे घेतलं, सिग्नल स्वच्छ ऐकू आला.

मी स्टुलावर बसलो. गणपतीत मी खरखर घालवली नव्हती. खरखरीबरोबर दुरून येणारी प्रत्येक हाक बंद करून टाकली होती. शेजारच्या बोटीवरून बोललं तर ऐकू येणारच होतं. किनाऱ्यावरून येणार नव्हतं. खरखर कशाने वाढली हा प्रश्न मला पडायला हवा होता. बाबांना तो शिकवलेला नव्हता, मला शिकवलेला होता.

पुढच्या रविवारी मी बाबांच्या समोर पडवीत बसलो.

"बाबा, ते बटण मी फिरवलं होतं."

"ठावं हाय मला," ते म्हणाले. हातातली सुई थांबली नाही.

"मग मालकाला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? कॉलेजातला पोर येऊन बिघडवून गेला म्हणून सांगू? बोटीवरचं बटण तांडेलाचं. फिरवलं कुणी का आसंना."

"पण चूक चार्जरची आहे. त्याच्यात कॉइलच नाही."

"मालकाकडं जाऊ नको तू," ते म्हणाले. "गावात तुझं तरी नाव चांगलं हाय."

मी गेलो. बाबांचं न ऐकता केलेलं ते माझं पहिलं काम. मालक ओटीवर बसले होते. मी दोन्ही उघडे चार्जर त्यांच्यापुढे ठेवले, सगळं सांगितलं, बटण मी फिरवलं तेही सांगितलं.

त्यांनी आमच्या चार्जरचं झाकण उलटं करून मला दाखवलं. "हा शिक्का वाच. तपासलेला माल आहे. बापाला वाचवायला आता चार्जरला फाशी देतोस काय?"

"मालक, तो शिक्का शॉक लागणार नाही, आग लागणार नाही एवढ्यासाठी आहे. शेजारच्या यंत्राला त्रास होईल का, हे त्यात तपासलेलं नाही."

"मग सरकारला सांग जा. मला कशाला सांगतोस? आणि चार्जर परत बोटीवर लाव, पोरं बोंबलतायत."

मी तो परत लावला. हेही लिहायला हवं. मी तो परत लावला, कारण वस्तू त्यांची होती. एवढंच केलं, की बटण मागे फिरवून ठेवलं आणि हात मोडलेल्या खलाशाला सांगितलं, "फुसफुस झाली तर बटण फिरवू नका, चार्जरची वायर काढा. नव्या तांडेलाला पण सांगा."

मालक म्हणाले सरकारला सांग, तर मी ते अगदी खरं धरून चाललो. आमच्या सरांनी मला वाचायला कागद दिले. विजेवर चालणारं प्रत्येक यंत्र हवेत थोडा तरी गोंगाट सोडतं, तो किती चालेल याच्या मर्यादा असतात. त्या प्रत्येक देशात वेगळ्या आहेत. कुठे माल विकण्याआधी तपासून घ्यावा लागतो, कुठे बनवणाऱ्याने 'ठीक आहे' असं लिहून दिलं की पुरतं, कुठे काहीच विचारत नाहीत. घरात वापरायच्या वस्तूंना एक नियम, गाडीतल्या वस्तूंना दुसरा. मच्छीमार बोटीच्या बॅटरीवर चालणारा चार्जर कशात मोडतो हे मी खूप शोधलं, मला सापडलं नाही. आता हे सगळे नियम देशोदेशी एकसारखे करण्याचं काम चाललं आहे. ते बरीच वर्षं चाललेलं दिसतं.

नियम एकसारखे व्हावेत असं मलाही वाटतं. फार वाटतं. चार्जरचा गोंगाट कुठल्या देशात आहे हे बघून कमी-जास्त होत नाही, दादाच्या बंदरातला समुद्र आणि नाट्याचा समुद्र वायरलेसला सारखाच. पण ते कागद वाचताना माझं डोकं तापत गेलं. पहिल्याच पानावर हे काम कशासाठी, ते लिहिलेलं होतं: मालाची ये-जा सोपी व्हावी, बनवणाऱ्याला तीच तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागू नये. ठीक आहे. पण ज्याला हाक ऐकू आली नाही त्या माणसाचा उल्लेख मी शेवटच्या पानापर्यंत शोधला. तो नव्हता. बोर्डाचं मात्र सर्व देशांत आधीच एकमत झालेलं आहे. साचा एक, रंग एक, निळी पट्टी एक. फक्त कॉइल कुणाला द्यायची आणि कुणाला तार, एवढाच भेद उरला आहे. ती कॉइल बोटाच्या पेराएवढी असते. कारखान्यातल्या कुणीतरी ठरवलं की हा खोका ज्यांच्याकडे जाणार आहे त्यांना एवढीही देण्याचं कारण नाही. त्या माणसाला आमचा राग नसेल, द्वेष नसेल. आम्ही त्याला दिसलोच नसणार. मला जास्त चीड त्याचीच येते.

आणि प्रत्येक देशाला सवलत होती. हा नियम आम्ही घेतो, पण अमुक वस्तू वगळून. हा घेतो, पण तारीख नंतर कळवू. वगळलेल्यांच्या यादीत कोण असतं ते आता मला ठाऊक आहे.

एका मसुद्यावर कोणालाही सूचना पाठवता येत होत्या. त्यासाठी एक तक्ता होता. कलम कुठलं, हरकत भाषेची की तांत्रिक, बदल काय हवा आणि त्याचं समर्थन. मी सरांकडून इंग्रजी तपासून घेतलं. लहान होड्यांवर आणि बोटींवर लागणारे चार्जर, दिवे, इन्व्हर्टर वगळू नयेत, असा बदल लिहिला. समर्थनाच्या रकान्यात बाबांची हकिगत लिहिली. त्या रकान्यात ती मावत नव्हती.

"एवढं सगळं घालू नकोस," सर म्हणाले. "ते तांत्रिक लोक आहेत."

"सर, तांत्रिक कारण हेच आहे," मी म्हणालो. सरांना असं उत्तर मी कधी दिलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं, राहू दे."

उत्तर बऱ्याच दिवसांनी आलं. दोन ओळींचं होतं. सूचना मिळाली, तिची नोंद घेतली आहे. सुचवलेला विषय सध्याच्या मसुद्याच्या कक्षेत येत नाही. मी ते प्रयोगशाळेतल्या काकांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "कक्षा कोणी आखली ते नाही लिहिलं." मग स्टुलावर चढून वरच्या फळीवरची उपकरणं पुसत राहिले.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. ती फोनवर ओरडूनच बोलते, लिलावाची सवय.

"अरे, मालक आला व्हता घरी. चहा घेतलान."

झालं होतं असं. नव्या तांडेलाची बोट बाहेर असताना वायरलेस फुसफुसायला लागली. तो बटणाला हात लावणार तेवढ्यात हात मोडलेल्या खलाशाने, हात बरा होऊन तो पहिल्यांदाच फेरीला आला होता, चार्जरची वायर उपटली. सगळे त्याच्यावर ओरडले, मोबाइल लावलेले होते. पण लगेच सोसायटीच्या माणसाचा आवाज आला. इतक्या दुरून त्या बोटीवर तो आवाज सगळ्या हंगामात आला नव्हता. त्यांनी वायर पुन्हा लावली, आवाज गेला. काढली, आला. दुपारभर तेच करत बसले. किनाऱ्यावर सोसायटीत मालक स्वतः बसलेले होते. वायर लावलेली असताना हाकेला बोटीवरून उत्तर येत नव्हतं, काढली की येत होतं, हे त्यांनी आपल्या कानांनी ऐकलं.

"मग काय म्हणाले?" मी विचारलं.

"चुकलं असं नाय म्हणालान. म्हणालान, सोमवारी बोट निघतेय, तांडेल म्हणून ये."

"आणि चार्जर?"

"तो दिलान आपल्या भावाच्या बोटीवर. चांगला चालतो, फेकायचा कशाला, म्हणालान."

मी फोनवर काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"वरडू नको, पुढं आयक," आई म्हणाली. "तुझ्या बाबांनी नाय म्हणून सांगितलं. म्हणाले, त्या बोटीवरनं पण काढा, मग मी येतो. मालक अर्धा चहा तसाच ठेवून गेला."

सोमवार आला आणि गेला. बोट नव्या तांडेलाबरोबरच गेली. मंगळवारी, बुधवारी मी आईला फोन केला, काही नवीन नव्हतं. बाबा पडवीत जाळी शिवत होते. मला वाटायला लागलं, मी गप्प राहिलो असतो तर निदान आलेलं काम तरी बाबांनी घेतलं असतं.

शुक्रवारी कॉलेजमधून मांडवीला परत येताना आईचा फोन आला. मागे लिलावाचा गलका होता, म्हणजे ती धक्क्यावरून बोलत होती. भावाच्या बोटीवरचा चार्जर मालकाने काल काढून घेतला होता. सकाळी बोट गेली, बाबा सुकाणूवर होते, आठही खलाशी आले होते. आणि सोसायटीच्या माणसाने आत्ताच बाबांना वायरलेसवरून हाक मारली, उत्तर आलं.